दस्तगीरचाचांचं माऊन

दस्तगीरचाचांकडे काही मागायला गेलं की ते लगेच 'नाही' म्हणत नसत. आधी विचारत, "कशाला?" कारण सांगितलं की विचारत, "किती येळ?" वेळ सांगितली की क्षणभर आभाळाकडे बघत, आणि मग जी सबब देत ती दर वेळी नवी असे. पक्कड मागितली तर, "हाय, पर तिला माज्याच हाताची सवय हाय." पहार मागितली तर, "परवाच घासूनपुसून ठिवलीया, लगीच मातीत घालू व्हय?" माझ्या आईनं एकदा वाळू चाळायची चाळण मागितली. चाचा म्हणाले, "वैनी, चाळण हाय, पर तिला भोकं पडल्यात." आई "बरं बरं" म्हणून परत आली. स्वयंपाकघरात पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, की चाळणीला भोकं असतातच.

विट्यात आमची आणि त्यांची घरं एकाच भिंतीची. चाचा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागं पत्र्याची शेड घातली आणि आयुष्यभर जमवलेली हत्यारं तिथं मांडली. प्रत्येक पान्याला वेगळा खिळा, आणि खिळ्याखाली भिंतीवर त्या पान्याची रंगानं काढलेली आकृती. म्हणजे एखादा पाना जागेवर नसला की भिंतच चुगली करायची. माझे वडील केरळात सोनं गाळायच्या दुकानावर. गल्लीतल्या निम्म्या घरांतले पुरुष असेच परमुलखात. मागं आम्ही बायका. बल्ब उडाला, टाकी तुंबली, खिडकीचा कोयंडा निखळला, की ज्या शेडमध्ये सगळं होतं तिथून काहीच बाहेर येत नसे.

माणूस वाईट नव्हता हो. पाच वेळा मशिदीत जाणारा, शब्दाचा पक्का, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला. स्वतःही कधी कुणाकडे काही मागायचा नाही. एकदा ऐन ईदच्या आदल्या दिवशी त्यांचा गॅस संपला, तर शेजारी भरलेली टाकी असताना चाचांनी अंगणात तीन विटा मांडून चूल पेटवली. वर म्हणाले, "मी कुणाला मागत न्हाई, मला कुणी मागू नये. कसं सुटसुटीत!"

या सुटसुटीतपणाचा सगळ्यात मोठा फटका बसला तो समोरच्या सुभेदारांना. सुभेदार म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले, उसाची शेती असलेले, मिशीला रोज तेल लावणारे गृहस्थ. त्यांच्या मुलीच्या लग्नात घरावर दिव्यांच्या माळा सोडायच्या होत्या, म्हणून ते शिडी मागायला आले. चाचांनी आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, "सुभेदार, कालच शिडीला रंग दिलाय. अजून वाळला न्हाई."

शिडी अॅल्युमिनियमची होती.

सुभेदार पाय जुळवून वळले आणि निघून गेले. त्यानंतर कित्येक वर्षं ते चाचांशी बोलले नाहीत. रस्त्यात समोरासमोर आले की दोघंही एकाच वेळी मोबाइल काढून बघायचे.

आता बदल कसा झाला ते सांगते, कारण मी तिथंच होते. नूरचाची, म्हणजे चाचांच्या पत्नी, दर गुरुवारी दुपारी मोहल्ल्यातल्या बायकांबरोबर कुराणाचा अर्थ शिकायला जायच्या. त्यांच्याकडे मराठी भाषांतराचं एक जाडजूड पुस्तक होतं. एका संध्याकाळी आई आणि त्या आमच्या कट्ट्यावर पावटा सोलत होत्या, मी शाळेच्या वह्या तपासत होते आणि चाचा पलीकडे त्यांच्या पायरीवर बसून टेबलफॅन उघडून बसले होते. चाचींनी हात पुसून पुस्तक उघडलं आणि हाक मारली,

"आवं, ऐकलं का? तुमी नमाजात सारखी म्हणता ती ल्हान सूरत, तिचा अर्थ ठावं हाय का?"

"अर्थ मौलानानला ठावं असतुय. आपुन म्हणायची," चाचा पंख्याच्या पात्याला म्हणाले.

सूरत म्हणजे कुराणातला एक अध्याय. ही सातच ओळींची, म्हणून बहुतेकांना लहानपणीच पाठ होते. चाचींनी सांगायला सुरुवात केली. जो निवाड्याचा दिवस खोटा मानतो तो कसा असतो, तर तो अनाथाला धक्के मारून हाकलतो. गरिबाला जेवू घाला असं कुणाला सांगत नाही.

"बराबर," चाचांनी मान डोलावली. "असल्या लोकानला सोडूच ने."

"म्होरं ऐका. मग त्या नमाज पढणाऱ्यांचं वाटुळं व्हईल..."

चाचांचा स्क्रूड्रायव्हर थांबला. "न पढणाऱ्यांचं म्हण. चुकलीस."

"न्हाई. पढणाऱ्यांचंच. जे पढत्यात पर ध्यान भलतीकडंच. लोकानला दिसावं म्हणून पढत्यात. आन शेजाऱ्यापाजाऱ्यांला माऊन देत न्हाईत."

"माऊन म्हंजे?"

चाचींनी पुस्तक मिटलं. आवाज इतका गोड केला, की आईनं पावट्यावरची नजर वर उचलली. "माऊन म्हंजे घरातली बारीकसारीक वापरायची जिन्नस. भांडं. बादली. कुऱ्हाड. कुणी घटकाभर मागितली तर द्यायची असली."

मग चाचांनी हळूच विचारलं, "शिडी लिवलीया का त्यात?"

"शिडी न्हाई लिवल्याली."

"मग!"

"तवा तिथली घरं बुटकी असत्याल," चाची म्हणाल्या आणि पुन्हा पावटा सोलायला लागल्या.

चाचा तसेच उठले. टेबलफॅन उघडा टाकून, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. टोपी घातली आणि थेट मशिदीत गेले, दुसऱ्या माणसाचं मत घ्यायला. तास-दीड तासानं परतले ते हळूहळू चालत. आईनं विचारलं, "काय म्हणाले मौलाना?"

चाचा पायरीवर बसले. मौलाना तरुण होता, पण त्यानं सगळं नीट उलगडून सांगितलं होतं. म्हणे मक्केत एक बडा माणूस होता, उंट कापून जेवणावळी घालायचा. त्याच्याकडे एक अनाथ पोर काहीतरी मागायला आलं, तर यानं काठी उगारली. त्यावरून ही सूरत उतरली, असं काही जण सांगतात. दुसरे दुसऱ्याच कुणाचं नाव घेतात. शेवटच्या ओळी तर मदिनेतल्या दिखाऊ लोकांना उद्देशून आहेत, असंही कुणी म्हणतं. चाचांनी मोठ्या आशेनं विचारलं होतं, "म्हंजे ती आपल्यासाठनं न्हाई तर?" त्यावर मौलाना हसला होता. नाव कुणाचंही असेना, म्हणाला, ही सूरत ज्याच्या त्याच्या दारात येऊन उभी राहते. सुरुवात केवढ्या मोठ्या गोष्टीनं होते, निवाड्याच्या दिवसानं. आणि संपते कशावर, तर शेजाऱ्याला न दिलेल्या भांड्यावर. देवाला मानणं आणि बादली देणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, एवढंच ती सांगते.

"वैनी," चाचा आईला म्हणाले, "ल्हानपणापास्नं रोज हात बांधून हुबा ऱ्हातूय आन सवताच सवताला शिव्या घालतूय. त्याबी सुरात!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात खणखण आवाज झाला. बघतो तर चाचा, खांद्यावर शिडी.

"घ्या."

"कशाला?" आईनं विचारलं. तो प्रश्न पहिल्यांदाच भिंतीच्या या बाजूनं विचारला जात होता.

"कायबी करा. जळमटं काढा."

आमच्या घरात जळमटं नव्हती. तरी त्यांचं मन राखायला आईनं पदर खोचून सगळी छतं झाडली.

पण स्वभाव का एका रात्रीत जातो? वस्तू देणं चाचांनी मान्य केलं, तिच्यावरचा जीव मात्र सुटेना. मग त्यांनी तोडगा काढला. वस्तूबरोबर स्वतः जायचं. "न देता चालंल असं त्यात म्हणलंय व्हय? न्हाई. मग देतू की. पर मागनं जाऊ नगा असंबी कुठं म्हणलंय?" ड्रिल मशीन कुणाच्या घरी गेलं की मागोमाग चाचा. "आसं न्हाई गड्या, सरळ धर," म्हणता म्हणता भोक तेच पाडून द्यायचे. पहारीबरोबर गेले की खड्डा त्यांचाच. काम झालं की पोहे यायचे, चहा यायचा, घरातल्या गोष्टी निघायच्या. ज्या माणसाला गल्लीतल्या मुलांची नावं ठाऊक नव्हती, त्याला कुणाच्या सुनेला डोहाळे लागलेत आणि कुणाचा पोरगा दहावीला गणितात अडकलाय, हे सगळं कळायला लागलं. शेडमधल्या भिंतीवर आता नुसत्या आकृत्याच जास्त दिसायच्या. चाचा त्या मोजत बसायचे नाहीत. कुठली वस्तू कुठल्या घरी आहे ते त्यांना जेवणाच्या वासावरून आठवायचं.

राहिले फक्त सुभेदार. ते मागायला येणार नाहीत हे उघड होतं. एका रविवारी सुभेदार अंगणातल्या न्हाणीघराच्या छतावरची टाकी साफ करायला खुर्चीवर स्टूल ठेवून वर चढायची तयारी करताना दिसले. चाचांनी शिडी उचलली, रस्ता ओलांडला आणि त्यांच्या भिंतीला नेऊन टेकवली. आम्ही सगळ्या खिडक्यांतून बघत होतो.

सुभेदारांनी शिडीवर बोट फिरवलं. बोट निरखलं. "रंग वाळला म्हणायचा."

"वाळला, सुभेदार," चाचा खाली मान घालून म्हणाले. "लय येळ लागला."

सुभेदार वर चढले. चाचा खाली शिडी धरून उभे. शिडीच्या काळजीनं का सुभेदारांच्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. वरच्या पायरीवर पोचल्यावर सुभेदारांनी झाकण उचललं, आणि तिथंच त्यांचा हात सुटला. मान कलली. काय होतंय ते आम्हाला कळायच्या आत चाचा त्या वयात माकडासारखे वर गेले, आपला खांदा त्यांच्या पाठीत रुतवला आणि त्यांना शिडीशी दाबून धरलं. "सुभेदार! आरं ए! डोळं उघड! हुकूम हाय!" असं ओरडत राहिले. पोरं धावली, सगळ्यांनी मिळून त्यांना खाली उतरवलं, गाडी काढून सांगलीला नेलं. हृदयाचं दुखणं होतं. वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाले. स्टुलावर चढले असते आणि घरात एकटे असते, तर काय झालं असतं ते कुणी बोलून दाखवलं नाही.

सुभेदार घरी परत आल्यावर चाचा भेटायला गेले. सुभेदार झोपूनच म्हणाले, "दस्तगीर, मला 'ए' म्हणून हाक मारलीस. हुकूमबी सोडलास. रँक काय तुजी?"

"मेकॅनिक," चाचा म्हणाले. दोघं इतके हसले, की सुभेदारांच्या सुनेनं घाबरून आत डोकावलं. तेव्हापासून संध्याकाळचा चहा एकत्र. भांडणं रोज; अबोला परत कधी नाही.

एकदा मी चाचांना विचारलं, ती सूरत आता म्हणताना वेगळं काही वाटतं का? ते जरा लाजले. "पोरी, पयलं ती एका दमात संपायची. एसटी घाट उतरती तशी. आता शेवटच्या शब्दावर गाडी थांबतीया. आज कुणी रिकाम्या हातानं गेलं का, ते आठवतूय. आठवलं न्हाई की म्होरं जातूय."

गेल्या वर्षी त्यांच्या मूत्रपिंडानं दगा दिला. घराबाहेर पडणं थांबलं, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. आणि आम्हाला एक नवीनच गोष्ट दिसली. चाचांना द्यायला जमलं होतं, पण मागायला येत नव्हतं. उशी सरकली तरी सांगायचे नाहीत. तहान लागली तर भिंत धरून स्वतः माठापर्यंत जायचे. चाची चिडून म्हणायच्या, "सगळ्या गल्लीला देत सुटलासा, आन मागायला तोंड न्हाई. घेणाराच न्हाई तर देणाऱ्यानं काय करायचं? दुसऱ्यानला पुन्य नगो व्हय?"

मग एके दुपारी आई परसात कपडे वाळत घालत होती. भिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज आला. चाचा खुर्ची सरकवत भिंतीपाशी आले होते. इकडं तिकडं बघून हळूच म्हणाले,

"वैनी, एक मागू का?"

आईच्या हातातला चिमटा गळून पडला. एवढ्या वर्षांच्या शेजारात हा शब्द तिनं पहिल्यांदाच ऐकला. "मागा की, दस्तगीरभाऊ!"

"चिमूटभर मीठ."

आई पेचात पडली. "आवं, डॉक्टरांनी..."

"मिठाला न्हाई म्हणायचं नसतंय," चाचांचे डोळे लबाड झाले. "मौलानानंच सांगितलंय. पानी, मीठ आन चुलीतला इस्तू. माऊनमधी येतंय. बगा बाई, तुमच्यावरच बला येईल."

आई आत गेली. बराच वेळ फडताळासमोर उभी राहिली. मग एक लिंबू कापून बशीत घातलं आणि भिंतीवरून दिलं. चाचांनी बशीकडे बघितलं, आईकडे बघितलं. "ह्याला माऊन म्हणत न्हाईत, वैनी," म्हणाले, पण लिंबू सगळं चोखलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा खोकला. रोज मिठाची मागणी, रोज लिंबू, रोज तीच तक्रार. लिंबू संपलं तर आई मला मुद्दाम बाजारात पिटाळायची.

थंडी सरता सरता एका पहाटे चाचा झोपेतच गेले. मयताला गल्लीतलं घर न् घर आलं. सुभेदार कुणाचं न ऐकता कब्रस्तानापर्यंत चालत गेले आणि खांदा बदलायला कुणी हात पुढं केला तर त्याच्याकडे बघून नकारार्थी मान हलवत राहिले.

काही दिवसांनी आई आणि मी चाचींजवळ जाऊन बसलो. बोलता बोलता आईला रडू फुटलं. म्हणाली, "नूरबी, माझ्या जिवाला एक लागून राहिलंय. ते रोज चिमूटभर मीठ मागायचे. मी एकदाही दिलं नाही. दिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

चाचींनी डोळे पुसले. आईच्या तोंडाकडे बघितलं, आणि एवढ्या दुःखातही त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या.

"आक्का, मीठ मी घालत हुते की त्यांच्या जेवणात. डाक्टरनं घाला म्हणलं हुतं तेवढं. त्यांनला चांगलं ठावं हुतं."

"मग रोज भिंतीपाशी येऊन मागायचे कशाला?"

"मिठासाठनं न्हवं, आक्का," चाची म्हणाल्या. "मागायची चव लागली हुती त्यांनला."