सगुणाबाईंचं मुसळ

सगुणाबाईंना मी जमिनीवर बसवलं आणि उठायला सांगितलं. त्यांनी दोन्ही तळवे टेकले, जोर लावला आणि तशाच बसून राहिल्या. त्यांचा मुलगा रामदास धावला, त्याला मी हातानं अडवलं. तो माझ्यावर चांगलाच रागावला.

स्वातंत्र्याला काही वर्षं झाली होती. चामोर्शीच्या दवाखान्यात मी नवा डॉक्टर होतो. जंगलावरून वारा आला की औषधांच्या वासातही मला गुंगी आल्यासारखं व्हायचं.

बाईंची हाडं शाबूत होती, सांधे बरे होते. मांड्या मात्र पार वाळल्या होत्या. घरी काय काम करता, विचारलं.

"मायले मी काडी उचलू देत नाई," रामदास अभिमानानं म्हणाला.

त्यांच्या गावात सून आली की सासूच्या हातातलं मुसळ सुटायचं. नंतर ती धान कांडताना दिसली तर लोक मुलाला नावं ठेवायचे. म्हणून लग्न झाल्यापासून रामदासनं आईला बाजेवरच बसवलं होतं. सगळं मायेपोटी!

"दोन-तीन महिन्यानं मोह पडाले लागन," बाई हळूच म्हणाल्या. "मले माह्या झाडाखाली जाचं हाय."

मोहाची फुलं पहाटे गळतात. ती वेचायची म्हणजे बसायचं, उठायचं, पुन्हा बसायचं. आईला झेपत नाही म्हणून रामदास यंदा ते झाड चुलतभावाला देणार होता. सासूनं बाईंच्या ओटीत घातलेलं झाड होतं ते. हे सांगताना त्यांचे डोळे भरले.

मी रामदासला समजावलं. स्नायूंवर भार पडला की ते बळकट होतात, हाडंही मजबूत राहतात. वय वाढलं की स्नायू आपोआप झिजतात, त्यात बसून राहिलं तर आणखी लवकर. आधी बाजेवरून हात न टेकता उठायचं, मग अर्धी कळशी उचलायची, मग भरलेली. शेवटी मुसळ.

"लोक काय म्हनतीन, साहेब?"

"डॉक्टरनं सांगितलं म्हण."

दवाखान्याच्या तपासणीला आलेले माझे वरिष्ठ हे ऐकून हसले. निदान टॉनिकची बाटली तरी द्या, म्हणाले. मी दिली. त्या बाटलीनं रामदासचं समाधान झालं.

चैत्रात एका गावाहून परतताना पहाटे मी त्या झाडापाशी सायकल थांबवली. धुकट उजेडात फुलं टपटपत होती. त्या गोड वासात मी जागा आहे की झोपेत, तेच कळेना. खाली सगुणाबाई उकिडव्या बसून वेचत होत्या. टोपली भरली, तसा रामदास हात द्यायला पुढं झाला.

"सरक बाजूले," त्या म्हणाल्या. "औषध घेऊन राह्यली मी."

आणि टोपली घेऊन उठल्या.

आज मी तेव्हाच्या सगुणाबाईंहून म्हातारा आहे. रोज सकाळी भरलेली कळशी उचलतो. सून धावत येते, तिला मी तेच सांगतो.