नको म्हणणारा इंग्रज

मी चौथीपर्यंत शिकले, तरी इंग्रजी सिनेमे बघते. अमेरिकेत पिस्कॅटवेला मुलाकडे राहायला आल्यापासून दुपारी दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. शेजारी एक डॉक्टरीणबाई राहतात, आता रिटायर झालेल्या. अमेरिकेत येण्याआधी त्या बरीच वर्षं इंग्लंडात होत्या. जेवण झालं की त्या येतात, आम्ही सोफ्यावर पाय वर घेऊन बसतो आणि मला कळलं नाही तिथं त्या सांगतात.

त्यांना इंग्रजांचे सिनेमे आवडतात, मला अमेरिकन. अमेरिकन माणसाचं बरं असतं. प्रेम असेल तर विमानतळावर सगळ्यांदेखत सांगून मोकळा होतो. भूक लागली तर दुसऱ्याच्या घरातला फ्रीज उघडून बाटली तोंडाला लावतो. वळण नाही, पण मनात काय आहे ते कळतं तरी. इंग्रजांच्या सिनेमात पाऊस पडत असतो, कुणीतरी मेलेलं असतं आणि बाकीचे चहा पितात. बाई सिनेमाभर एका माणसावर जीव टाकते आणि शेवटी हवापाण्याचं बोलून बसमध्ये चढते. मी म्हणायची, "यांना देवानं तोंडं कशाला दिली?" डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "तोंडाकडे काय बघता? हाताकडे बघा."

गेल्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला नातीनं घरी एक मुलगा आणला. तिच्याबरोबर रिसर्च करणारा, इंग्लंडचा. याच्याशीच लग्न करायचं, असं तिनं आधीच फोनवर सांगितलं होतं. तो सुट्टीभर राहणार होता आणि तेवढ्यात घरानं काय ते ठरवायचं होतं. सून उघड काही बोलली नव्हती. पण आईचं मन मोडून नात पुढं जाणार नाही, हे मला ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी सुनेनं भरली वांगी, अळूवडी, मसालेभात केला. त्या पोरानं थोडं थोडं घेतलं, ताट स्वच्छ केलं. आणखी हवं का, सुनेनं विचारलं. तो नको म्हणाला, थँक यू म्हणाला. सुनेनं भांड्यावर झाकण ठेवलं. या घराला इथं येऊन फार वर्षं झाली. एकदा विचारायचं, नको म्हटलं की नको. आग्रह इथं बरा दिसत नाही, हे तिनं मलाही आल्या आल्या बजावलं होतं. दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळा तेच. संध्याकाळी डिशवॉशर लावताना सून नातीला म्हणाली, "याला आपलं जेवणच रुचत नाही, उद्या आपली माणसं कशी रुचणार?" नात इंग्रजीत काहीतरी बोलली आणि दार आपटून वर गेली. खरं सांगायचं तर मलाही पोरगा शिष्टच वाटला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा टाकायला उठले. तर हा मागच्या डेकवर, त्या थंडीत, उभ्यानं कोरडी बिस्किटं खातोय. मला बघून सॉरी म्हणाला आणि पुडा खिशात कोंबला.

मला आदल्या आठवड्यातला सिनेमा आठवला. नवरा गेलेली एक इंग्रज बाई. शेजारीण जेवण ठेवू का विचारते, ही नको म्हणते आणि शेजारीण वळल्याबरोबर उभ्यानं कोरडा पाव खाते. भूक होती तर घेतलं का नाही, असं मी विचारलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तिकडं पहिल्यांदा नकोच म्हणतात, शेजारणीनं पुन्हा विचारायला हवं होतं.

म्हणजे आमच्या गावासारखंच की. पहिल्या विचारण्यात हो म्हणणारा पाहुणा अधाशी आणि एकदाच विचारणारी बाई चिक्कू. पोरगा बिचारा रीतीनं वागत होता. रीत आम्ही सोडली होती.

दुपारी पोळ्या घेऊन मी उठले. सून म्हणाली, "आई, फोर्स नका करू." मी ऐकलं नाही. त्याच्यापाशी जाऊन उभी राहिले. तो नको म्हणाला. मी हलले नाही. पुन्हा नको म्हणाला, पण आता नजर पोळीवर होती. मी पोळी वाढली, वर तूप घातलं. ती संपली. दुसरी संपली. वांग्यांचं पातेलं संपत आलं तशी नात त्याच्यावर खेकसली, भूक होती तर बोलला का नाहीस? तो कानापर्यंत लाल झाला. त्यानं जे सांगितलं ते नातीनं मला मराठीत सांगितलं. परक्या घरी दोनतीनदा विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, असं त्याच्या आईनं शिकवलं होतं. इथं कुणी दुसऱ्यांदा विचारलंच नाही. त्याला वाटलं, आपण या लोकांना आवडलो नाही.

सुनेनं हातातला डाव खाली ठेवला. मग म्हणाली, "अगं, हे तर माझी आई सांगायची." आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पुढची पोळी तिनंच वाढली, त्याला न विचारता.

जेवणं आटोपल्यावर तिनं त्याच्याकडून त्याच्या आईला व्हिडिओ कॉल लावून घेतला. दोघी बराच वेळ आधी तुम्ही बोला, आधी तुम्ही बोला करत राहिल्या. मग सुनेनं तिला इकडं राहायला बोलावलं. ती बाई म्हणाली, नको, तुम्हाला उगाच त्रास. सुनेनं पुन्हा बोलावलं. ती पुन्हा नको म्हणाली. सुनेनं खुर्ची पुढं ओढली आणि तिसऱ्यांदा बोलावलं, तेव्हा ती म्हणाली, बरं, मे महिन्यात येते, लग्नाचं काय ते समोरासमोर बसून ठरवू.