लिंकांचा आहेर

ऐन लग्नसराईत एका बाईंचा फोन आला. "शनिवार रिकामा आहे का?" मी म्हटलं, "आमच्याकडे सगळेच वार रिकामे असतात, कधीही या. मिरची की टमाटे?" मग बाई म्हणाल्या, "अहो, मुलीचं लग्न आहे," आणि फोन ठेवला.

चूक त्यांची नव्हती. धाड गावच्या रस्त्याला आमची भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी आहे. आमची म्हणजे बायकोची. माझा फोटो स्टुडिओ होता. लोकांच्या खिशात मोबाइल आले तसा तो बंद पडला आणि तेव्हापासून मी तिच्या हाताखाली आहे. पगार मागत नाही, कामही बेताचंच करतो. तर माझ्या साडूभाऊचं मंगल कार्यालय आहे, त्याची वेबसाइट आहे, आणि तिच्यावर नवरीच्या खोलीच्या फोटोखाली मी आमच्या नर्सरीची लिंक टाकून घेतली होती. बाईंनी त्यावर बोट ठेवलं, आमचा नंबर दिसला, त्यांनी तो लावला.

हा उद्योग करायला कारण होतं. मोठ्या रस्त्यावर एक मोठी नर्सरी झाली. तिची पाटी दोन शेतांवरून वाचता येते. आमचं जवळपासचं गिऱ्हाईक तिकडे वळायला लागलं. बायकोच्या भावाला शेळ्यांसाठी सावली हवी होती, त्यानं आमची रोपांवरची शेडनेटची जाळी मागून ठेवली. बायको म्हणाली, "या हंगामाले दूरचं गिऱ्हाईक आलं तं ठीक, नाई तं नेट भावाले देऊन टाकते." सहज म्हटल्यासारखं म्हणाली. पण नेटचे खांब तिनं स्वतः उभे राहून रोवून घेतले होते, एक तिरपा झाला तर परत काढायला लावला होता, हे मला माहीत होतं. त्या वेळी मी खुर्चीत बसून तिचे फोटो काढत होतो.

मुलगी पुण्याला वेबसाइटच्याच कामात आहे. आमची वेबसाइट तिनंच करून दिली. फोनवर म्हणाली, "बाबा, नुसती असून भागत नाही. मोबाइलवर शोधणाऱ्याला ती वर दिसली पाहिजे. दुसऱ्या वेबसाइटवाल्यांनी आपली लिंक दिली, की आपलं वजन वाढतं."

मला लगेच समजलं. म्हणजे आहेर. त्यांनी आपल्या लग्नात साडी नेसवली, आपण त्यांच्या लग्नात नेसवायची; कधी कधी तीच साडी चार घरं फिरून आपल्याकडे परत येते, आपण ओळख दाखवत नाही. मी सगळ्या सोयऱ्यांना फोन केले. साडूभाऊचं कार्यालय झालं. भाच्याचं टायर रिमोल्डिंगचं दुकान झालं. एका लांबच्या व्याह्यांचा डीजे आहे, त्यांनीही मोठ्या मनानं लिंक दिली. परतफेड म्हणून मी आमच्या वांग्याच्या रोपांखाली टायर टाकले आणि फुलकोबीखाली डीजे.

मुलीनं ते पाहिलं. "बाबा, हे आधी काढा."

"काऊन? बरोबरीचा व्यवहार झाला ना."

"म्हणूनच काढा. ठरवून केलेलं देणं-घेणं ओळखू येतं. कुणाला आपलं काहीतरी उपयोगी पडलं, आणि त्यानं आपणहून दुसऱ्याला सांगितलं, तरच ती लिंक खरी. मागून नाही मिळत."

"म्हणजे उपयोगाचं काही लिहायचं आणि वाट पाहायची?"

"हो."

"किती दिवस?"

"ते नाही सांगता येत."

मागून बायको म्हणाली, "बी टाकल्यावर आमी दुसरं काय करतो मंग?"

लिंका काढल्या. साडूभाऊ रुसले. "आमचा आहेर वापस केला म्हना की," असं त्यांनी मला नाही, बायकोला सांगितलं. बायकोनं मला सांगितलं, आणि वर आपलेही दोन शब्द घातले.

मग मी लिहायला बसलो. पहिला लेख 'मिरची : एक चिंतन'. तीन पानं झाली. बायकोनं दुसऱ्या पानापर्यंत वाचून विचारलं, "याच्यात मिरची कवा येते?" तो लेख कुणी वाचल्याचं अजून माझ्या कानावर नाही.

दुसरं काय येतं, तर फोटो काढता येतात. मिरचीचा एक ट्रे मी बाजूला ठेवला आणि बी टाकल्यापासून रोज सकाळी त्याच जागी, त्याच उजेडात त्याचा फोटो घेत गेलो. रोप लावायच्या वयाचं कसं दिसतं, वय उलटून गेलं की कसं होतं, हे फोटोंत आपोआपच आलं: शेंडा लांबतो, खालची पानं पिवळी पडतात, मुळं ट्रेच्या खान्यात वेटोळं करून बसतात. शेवटी एक फोटो कैचीनं शेंडे छाटलेल्या रोपाचा घातला. जुनी रोपं तरुण दिसावीत म्हणून काही नर्सरीवाले असं करतात, विकत घेताना बघून घ्या, असं खाली लिहिलं. चार ओळींच्या वर काही लिहिलं नाही. चिंतनाचा अनुभव ताजा होता.

वेबसाइटवरचं हे पान हळूहळू फिरलं. शेतीची माहिती देणाऱ्या एका वेबसाइटनं न विचारता त्याची लिंक दिली. मग कुठून कुठून फोन यायला लागले, आणि यातला एकही लग्नाचा नव्हता. वरवट बकालहून एका शेतकऱ्यानं विचारलं, "मिरचीची रोपं तयार हाय का? पिकअप घेऊनच येतो." वरवट बकाल म्हणजे आमच्यापासून जिल्ह्याचं दुसरं टोक. दूरचं गिऱ्हाईक म्हणतात ते हेच. मी "या" म्हटलं.

रोपं होती. पण ती दुसऱ्याच एकानं सांगून ठेवलेली होती. त्याच्या बोअरचं पाणी गेलं, तो आलाच नाही, आणि रोपं नेटमध्ये उभ्या उभ्या वयात आली आणि वयातून गेली. नवीन ट्रे तयार व्हायला आणखी अवकाश होता. बायको त्या रोपांकडे बघत उभी राहिली. मी म्हटलं, "शेंडे छाटू या." मी स्वतः केसांना मेंदी लावतो, त्यामुळे मला यात काही वावगं वाटलं नाही. ती आत जाऊन कैची घेऊन आली.

दोन ट्रे झाले असतील, तोच पिकअप येऊन उभी राहिली. माणूस उतरला, रामराम केला, पाणीही न पिता नेटमध्ये शिरला. खिशातून मोबाइल काढला, आमचंच पान उघडलं आणि माझा शेवटचा फोटो ट्रेशेजारी धरला. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

"ताई, हे तं तुमच्याच फोटोतलं दिसून राह्यलं."

मी उजेडाविषयी काहीतरी बोलायला लागलो. बायकोनं मला थांबवलं.

"हाव दादा. आत्ताच छाटलं. डोकं यांचं, पन कैची माह्या हातात होती. हे रोप तुमी नेऊ नका."

"मंग म्या एवढ्या दूरून काय चहा प्यायले आलो काय?"

"चहा तं घ्याच. नवीन रोप तयार झालं का मी फोन करते. तवरक दुसरीकडून घेतलं तरी माहं काई म्हननं नाई. फक्त मूळ पाहून घेजा."

त्यानं चहा घेतला. गाडी रिकामीच गेली. ती वळणाआड जाईपर्यंत बायको नेटच्या दाराशी उभी होती. मग छाटलेल्या आणि न छाटलेल्या सगळ्या रोपांचे ट्रे तिनं मागच्या खड्ड्यात उपडे केले. मी मदत केली. अशा कामात मी मागे राहत नाही.

काही दिवसांनी मुलीचा फोन आला. "बाबा, संग्रामपूरकडच्या एका शेतकरी गटाच्या वेबसाइटवर आपली लिंक आलीय. तुम्ही मागितली का?"

"नाही बुवा."

तिनं वाचून दाखवलं. वरवट बकालच्या त्या माणसानं सगळंच लिहिलं होतं: रिकामी पिकअप, कैची, चहा. खाली एवढंच, की मिरचीचं रोप घ्यायचं तर आधी हे पान बघा, आणि मी नवीन रोपाची वाट बघतो आहे, सोबत कुणाला यायचं असेल तर सांगा. फोन स्पीकरवर होता. बायको नवीन ट्रेंना पाणी देत होती. पाणी थांबवून तिनं ऐकलं, आणि परत सुरू केलं.

मुलीनं फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "काय मग?"

ती म्हणाली, "भावाले सांगा, शेळ्याईसाठी दुसरं काई पाहा म्हना. अन् तुमी जरा बाजूले व्हा, तुमची सावली पडून राह्यली रोपावर."