चिलटांचे पाय

माझी आई फळमाश्यांना चिलटं म्हणते. मुलगी चिलटांच्या पायांवर संशोधन करते, हे तिने साऱ्या चाळीला सांगून ठेवलं आहे.

परळच्या आमच्या प्रयोगशाळेत मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट शिजवून बाटल्यांत ओततात, त्यावर माश्या वाढतात. त्यांचे पाय कोणत्या जनुकांमुळे घडतात, ते मी पाहते. अळीला पाय नसतात. तिच्या अंगात पेशींच्या बारीक चकत्या असतात आणि पुढे कोषात त्यांतून पाय तयार होतात. एक जनुक अंगालगतचा तुकडा सोडून पुढचा सगळा पाय घडवतं. ते बिघडलं की नुसतं थोटूक उरतं. दुसरं एक भलत्या जागी चालू झालं, तर डोक्यावर मिशांच्या जागी पाय उगवतात. कोषातून निघालेल्या नव्या माद्या मिलन होण्याआधी, काही तासांतच नरांपासून वेगळ्या काढाव्या लागतात, म्हणून रविवारीही जावं लागतं. लग्नं, बारशी, सगळं त्यात बुडालं. हळूहळू कुणी बोलावेनासं झालं. वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की कुणाशी बोलावं लागत नाही.

आईचा डावा पाय शुगरमुळे गुडघ्याखालून कापावा लागला. डिलाईल रोडवरची आमची चाळ, तिसरा मजला, लिफ्ट नाही. तेव्हापासून ती खाली उतरलेली नाही. कृत्रिम पाय आणला, तर तो चावतो म्हणून तिने कपाटामागे टाकला. दिवसभर एकटी असते. मी घरात शिरले की पहिला प्रश्न ठरलेला.

"काय गं, फुटले का आज चिलटांना पाय?"

मी वैतागायचे, तरी सांगत बसायचे. ती शंका काढायची, मी वर्तमानपत्राच्या कडेला चित्रं काढून दाखवायचे, आणि आमटी गार व्हायची.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. "आई म्हणते, तुझं संशोधन झालं की तिला तो खोटा पाय लागायचाच नाही. खरं का गं?"

म्हणजे आई एवढे दिवस याच आशेवर बसली होती! त्यासाठीच ती पाय लावत नव्हती आणि घरात कोंडून घेत होती.

त्या संध्याकाळी मी आडपडदा ठेवला नाही. "आई, पाय घडतो तो वाढीच्या वयात, एकदाच. मोठ्या माशीचा पाय तुटला, तर तिचाही परत येत नाही. तुझाही येणार नाही." बोलता बोलता मलाच रडू फुटलं.

आई लसूण सोलत होती. "मला काय खुळी समजलीस? काकू रोज 'पाय लाव, पाय लाव' करून डोकं खातात, म्हणून त्यांच्या तोंडावर काहीतरी फेकलं. लावीन की. दुखतो गं तो."

"मग मला रोज कशाला विचारतेस?"

"दुसरं काय विचारू? दिवस कसा गेला विचारलं की 'ठीक'. जेवणाचं विचारलं की 'चालेल'. चिलटांचं विचारलं की अर्धा तास बोलतेस. तेवढंच घरात कुणीतरी असल्यासारखं वाटतं."

मी डोळे पुसले. आज चिलटांचं नको, दुसरं काहीतरी सांगू या, म्हणून तिच्याजवळ बसले. तिने लसूण बाजूला ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. मला सांगण्यासारखं दुसरं काहीच आठवेना.