हात धुवायला गेलाय

कीबोर्डला बोट लावायच्या आधी ती हात धुवून यायची. वर्गाबाहेरच्या नळावर, थेट कोपरापर्यंत, भाकरी थापायला बसण्याआधी धुवावेत तसे. मग पदराला पुसायची, बोटं खिडकीतल्या उन्हाकडे धरून कोरडी झाली का बघायची आणि मगच खुर्चीत टेकायची. आमचे सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "मावशी, कॉम्प्युटरला सोवळं लागत नाही हो." ती म्हणाली, "सोवळं न्हाई सर. कुनाला काय वाढायचं, तर हात धुतल्यालं बरं."

वर्ग विद्यापीठाचा होता. 'वेब डिझाइन आणि इलेक्ट्रॉनिक पब्लिशिंग' असं आगगाडीएवढं नाव असलेला वर्षभराचा अभ्यासक्रम लोणावळ्याच्या एका कॉलेजात दुपारचा चालायचा. वयाची अट नव्हती, आणि ती नसल्याचा फायदा उठवणाऱ्या आम्ही दोघीच. बाकी सगळी विशीतली पोरं. ती भाज्याची, पन्नाशीला आलेली, लग्नाआधी कामशेतला बारावी झालेली. शनिवार-रविवारी लेणी बघायला येणाऱ्यांना घरी पिठलं-भाकरी करून घालायची. मी लोणावळ्याची, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली ऑपरेटर. खुर्च्या शेजारी आल्या, एवढीच आमची ओळख.

मी तेव्हा बासष्ट वर्षांची अल्लड पोर होते. अल्लड म्हणते, कारण त्या वयात मला आपण कवयित्री असल्याचा साक्षात्कार झाला होता. धुकं, दरी आणि माझे स्वतःचे डोळे ह्या तीनच विषयांवर मी वहीभर कविता केल्या होत्या आणि त्या जगासमोर ठेवल्याशिवाय जगाचं पुढे कसं चालेल ही मला चिंता होती. माझ्या वेबपेजवर वरून झेंडूची फुलं पडायची. माऊस हलवला की मागे चांदण्यांची शेपटी यायची. आणि पान उघडलं की सतार वाजायला लागायची, ती काही केल्या थांबायची नाही.

"आजी, ही सतार बंद कुठून करायची?" सरांनी विचारलं.

"बंद कशाला करायची?" मी म्हणाले.

शेजारून ती म्हणाली, "वाजू द्या सर. म्हातारीला झोप लागत असंल." म्हातारी कोण, तर मी! दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिला ते कळलंसुद्धा नाही, हे मला जास्त लागलं.

तिचं पान पांढरं होतं. वर एका पोराचा फोटो, हॉटेलच्या गणवेशातला, हसू दाबून धरलेला. खाली त्याचं नाव, गावाचं नाव, तिचा मोबाइल नंबर. अक्षरं एवढी मोठी, की सर म्हणाले, जरा लहान करा. "लांबनं दिसाय पायजे," ती म्हणाली. आणि त्याखाली दर तासाला ती एक ओळ लिहायची. एकच. 'बापू, म्हशीला रेडी झाली, कपाळावर पांढरं आहे.' 'बापू, आत्याच्या पोरीचं लग्न ठरलं, मुलगा उर्शाला टोलनाक्यावर आहे.' 'बापू, आज डांगर केलं होतं.' ओळ झाली की वरून खालपर्यंत पुन्हा वाचायची आणि मशीन बंद करायची.

"हा कोण? मुलगा का तुझा? कुठं असतो?" मी विचारलं.

"हात धुवायला गेलाय," ती म्हणाली.

मी अक्कलशून्य, मान वळवून दाराबाहेरच्या नळाकडे बघितलं.

मग तिनंच सांगितलं, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. त्यांचा रस्त्याकडेचा तुकडा बापाने बंगलेवाल्यांना द्यायचा ठरवला. पोराचं आणि बापाचं वाजलं. ताटं वाढलेली. पोरगा काही केल्या गप्प बसेना. तेव्हा ती म्हणाली, "जेवायचं तर हात धुवून ये, न्हाईतर ऊठ." तो मागच्या नळाकडे गेला. पाण्याचा आवाज येत राहिला. लय वेळ येतोय म्हणून ती बघायला गेली, तर नळ नुसता सुरू. ह्याला चार वर्षं झाली होती. गाव म्हणायचं, बापाने घालवला. ती एकदाही तसं म्हणाली नाही.

"पोलिसांत दिलं?"

"दिलं की. ते म्हनले, सज्ञान हाय, यील." मग पडद्यावरच्या फोटोकडे बघून म्हणाली, "ही पोरं समदी आपलंच नाव टाकून बगत्यात म्हनं मोबाइलवर. त्यो बी बगंल कवातरी. बगितलं की वाचंल. वाचलं की यील. आमी काय लई मागत न्हाई."

विद्यापीठात माणसं काय काय शिकायला येतात, ते तुम्हीही पाहिलं असेल. नोकरीसाठी येतात, लग्न जमावं म्हणून येतात, माझ्यासारखी मिरवायला येतात. पोराला हाक मारायला आलेली मी ही एकच पाहिली.

वर्षाच्या मध्यावर माझा प्रताप उघडकीला आला. माझी लेक बडोद्याला असते. तिला मी फोन करून ऐटीत सांगितलं, माझ्या कविता इंटरनेटवर आल्या, पत्ता लिहून घे. आणि पानाच्या वरच्या पट्टीतला पत्ता वाचायला लागले. "सी. मग दोन टिंबं. मग तिरकी रेघ…"

लेक हसायलाच लागली. "आई, हा तुमच्या वर्गातल्या मशीनच्या पोटातला पत्ता आहे. पान इंटरनेटवर कुठंय? ते मशीनमध्येच आहे. तिथं बसलं तरच दिसणार."

खरं होतं. पान बाहेर चढवायचं कसं, हे अभ्यासक्रमात शेवटी होतं. सरांना वाटत होतं आम्ही सराव करतोय, आणि आम्हाला वाटत होतं आम्ही जगाला दिसतोय. महिलामंडळात मी पेढे वाटले होते. माझी सतार त्या एका खोलीतल्या भिंतींनी ऐकली होती. मीही पोट धरून हसले.

हसता हसता मला तिची खुर्ची आठवली.

दुसऱ्या दिवशी ती नळावर हात धूत होती, तिथंच गाठून सांगितलं. सांगताना शब्द फार लागले.

ती ओले हात तसेच धरून उभी राहिली. "म्हंजी हे समदं हितल्या हितंच व्हतं?"

"हो गं."

"त्यानं वाचलंच न्हाई?"

"नाही."

मला वाटलं आता ही खाली बसेल. पण तिचा चेहरा उजळत गेला, दिवा लावल्यासारखा. "मग बराबर हाये की मावशी! वाचलंच न्हाई, तर यील कसा? आन् मी आपली वाट बगतीया, आन् मनात त्याला शिव्या देतीया!" नळ बंद करायचा राहिला होता. तिने परत येऊन नीट घट्ट बंद केला.

सरांनी त्याच दुपारी तिचं पान बाहेर चढवलं. तिचा विश्वास बसेना. सरांचा मोबाइल घेऊन ती कॉलेजच्या फाटकाबाहेर गेली, रस्ता ओलांडला आणि पलीकडून ओरडली, "हितंबी दिसतंय!" रविवारी माहेरी तिकोणा पेठेला गेली, भाच्याचा मोबाइल घेऊन तिथल्या टेकाडावर चढली, रेंज पकडली आणि तिथून मला फोन, "मावशी, हितंबी!" त्या आठवड्यात ती जितकी हसली, तितकी मी तिला आधी आणि नंतर कधी हसताना पाहिली नाही.

मग फोन यायला लागले. "भाजे ना? रूम मिळेल का दोन दिवस?" "वॉटरफॉल चालू आहे का?" प्रत्येक फोन ती पहिल्या घंटीत उचलायची, कणकेच्या हाताने. प्रत्येकाला नीट उत्तर द्यायची, न जाणो, एखादा बापूच्या ओळखीचा निघाला तर.

पान कोणत्या गावातून उघडलं जातं, हे बघायची सोय सरांनी करून दिली होती. ती रोज विचारायची, "सर, कुटनं कुटनं?" लोणावळा. पुणे. बडोदा. बडोदा परत. बडोदा रोज.

एका दुपारी ती तासाला आली ती पिशवी घेऊन. इस्त्रीचं लुगडं. पिशवीत डबा. "मावशी, बडोद्याला गाडी कुटनं असती? रोज बगतंय तितनं कुनीतरी. रोज, एक दिस खाडा न्हाई. एवढं दुसरं कोन बगंल?"

मी आयुष्यात हजारो ट्रंक कॉल जोडून दिले. वाईट बातमीचेही. पण तेव्हा मी फक्त तार जोडायची, बातमी दुसरंच कुणी सांगायचं.

"माझी लेक आहे ती," मी म्हणाले. "मी सांगितलं होतं तिला तुझ्याबद्दल. चांगल्या मनाने बघते गं. रोज रात्री पोरांना झोपवलं की तुझी ओळ वाचते."

तिने पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "तिला सांगा, मेथीचं लाडू केल्यात. जानारं कुनी असंल तर धाडते."

त्यानंतर तिच्या ओळी थांबल्या. तासाला यायची, हात धुवायची, बसायची, पान उघडून बघायची. लिहायची नाही. परीक्षेसाठी तिने आपल्या पिठलं-भाकरीचं पान केलं, नीट पास झाली. मीही पास झाले. सतार काढून टाकायच्या अटीवर.

निकालाच्या दिवशी ती सरांपुढे उभी राहिली. "सर, बापूचं पान उतरवा."

सर गडबडले. "मावशी, असू द्या की. आहे तोवर आशा तरी आहे."

"काल ह्यांनी इचारलं मला," ती म्हणाली. ह्यांनी म्हणजे नवऱ्याने. "म्हनले, एवढं दिस झालं लावून. वाचत असंल, तर मुद्दाम येत न्हाई. आन् वाचत नसंल, तर…" तिने ते वाक्य तिथंच सोडलं. "पयलं हितल्या हितं व्हतं, तवा बरं व्हतं सर. त्यानं वाचलं नव्हतं, म्हनून आला नव्हता. मागच्यासारखं करा. मशीनच्या पोटात ऱ्हाऊ द्या."

"पण मावशी, लॉजिकली…"

"तुमाला पोरं व्हऊ द्या सर. मग बोलू."

सरांनी पान उतरवलं. वर्ग संपला होता, तिथलं मशीन आता दुसऱ्या कुणाचं, म्हणून ते माझ्या जुन्या लॅपटॉपवर ठेवून घेतलं. लोणावळ्याला बाजाराला आली की ती माझ्याकडे यायची. माझ्या मोरीत हात धुवायची. तिच्यासाठी मी एक वेगळा पंचा लावून ठेवला होता. मग बसून एक ओळ लिहायची. मी तेवढा वेळ चहा टाकायच्या निमित्ताने आत जायची. ओळी परत तशाच. रेडी गाभण राहिली. जांभळाला ह्या साली काही धरलं नाही. आत्याच्या पोरीला मुलगा.

गेल्या पावसात तिला कावीळ झाली. गावठी औषधात दिवस गेले. तळेगावच्या दवाखान्यात नेलं तोवर पोटात पाणी झालं होतं. मी भेटायला गेले, तर मला ओळखलं, म्हणाली, "हात धुवून बसा मावशी, दवाखाना हाय." दोनच दिवसांनी तिला घरी आणलं, पण बोलती नाही. भाज्याच्या ओढ्याकाठी नवऱ्याने अग्नी दिला. सगळं आटोपल्यावर लोक परतले, तो मात्र वाटेकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला. पोराचं नाव त्याने काढलं नाही. दुसऱ्या कुणीही काढलं नाही.

माझी लेक फोनवर म्हणते, आई, आता तरी ते पान परत बाहेर टाक, निदान आई गेल्याचं त्याला कळू दे. बरोबर बोलते ती. आणि दर वेळी मी म्हणते, टाकते. लॅपटॉप उघडते. उघडायच्या आधी हात धुते, ही नवीन खोड लागलीय मला, सुट्टीत आलेली नातवंडं हसतात. पान लगेच उघडतं, त्याला रेंज लागत नाही. तो पोरगा हसू दाबून बघत असतो. मी वरून खालपर्यंत वाचत येते, शेवटच्या ओळीपाशी थांबते आणि मिटून ठेवते.

'बापू, मागचा नळ गळत होता, तो बदलून घेतला. आता पाणी लगेच येतं.'