पक्क्या रंगाची जांभळं

पाथर्डी तालुक्यात गेल्या बारा वर्षांत जेवढी माणसं गोरी झाली, त्यातली निम्मी तरी मी केली असतील. बाजारतळाच्या कोपऱ्यावर आमचा फोटो स्टुडिओ आहे. नवरा फोटो काढतो आणि मी ते कॉम्प्युटरवर दुरुस्त करते. नवरदेवाच्या गालावरचा फोड, करवलीच्या डोळ्यांखालचं काळं, ऊसतोडीहून परतलेल्या माणसाच्या कपाळावरचं ऊन, सगळं मी माऊसनं पुसते. ओठ तर न विचारताच गुलाबी करते. एकदा हात चालता चालता एका आजोबांचेही केले. त्यांनी तक्रार केली नाही, उलट आणखी चार प्रती मागितल्या.

कुणी विचारलंच, "ताई, लई गोरा केला का हो फोटो?" तर मी सांगायची, "छे हो, काहीच केलं नाही. मूळचा चेहराच छान आहे." एवढं खोटं बोलल्याशिवाय हा धंदा चालत नाही, असं माझं मत होतं. माझी मतं जरा पक्कीच असतात. नवरा त्यांना हट्ट म्हणतो.

तो स्वतःला कलाकार म्हणतो. लग्नात तो आडवा पडून फोटो काढतो, वाढप्यांच्या पायात येतो. एकदा त्याच्या पाठीवर अख्खी मठ्ठ्याची बादली सांडली, पण गड्यानं कोन सोडला नाही. मग तो शर्ट धुवायला मी होतेच.

दोन वर्षांपूर्वी, शाळा उघडायच्या सुमारास, गावातल्या लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई स्टुडिओत आल्या. मला वाटलं पासपोर्ट फोटो. तर त्यांना पोस्टर करून हवं होतं. काही मुलं जन्मतःच हृदयात दोष घेऊन येतात, त्यांनी आम्हाला समजावलं. कुणाच्या हृदयाच्या भिंतीला छिद्र असतं, कुणाची नळी अरुंद असते. वेळेवर कळलं तर बहुतेकांवर इलाज होतो. पण आईबाप म्हणतात पोर अशक्त आहे, आळशी आहे, दृष्ट लागली आहे, आणि दाखवायला आणतच नाहीत.

त्यांनी आधी एक पोस्टर करून पाहिलं होतं. भलंमोठं लाल हृदय आणि खाली 'आपल्या मुलाचं काळीज सांभाळा'. त्यांच्या कंपाउंडरनं ते नेमकं मटणाच्या दुकानाशेजारच्या भिंतीवर चिकटवलं. आठवडाभर लोक दुकानदाराला विचारत होते, काळीज वेगळं मिळेल का. हे ऐकून मी इतकी हसले की मला ठसका लागला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

"लोक थांबून बघतील असं काहीतरी करा," त्या म्हणाल्या.

झालं. माझ्या नवऱ्याला एवढंच पाहिजे होतं. लग्नाच्या स्टेजवरून उरलेलं थर्माकोलचं लाल हृदय त्यानं माळ्यावरून काढलं आणि त्याच्या मधोमध गोल भोक पाडलं. कल्पना अशी, की मुलानं भोकातून चेहरा बाहेर काढायचा. फोटो बघून आईबापांना हृदयातलं छिद्र आठवेल. ते हृदय त्यानं स्टुडिओच्या दारात उभं केलं. लोक थांबले, हे खरं. पण मुलांच्या आधी एका नव्या जोडप्यानं त्यातून तोंडं काढली, मग तालमीतल्या पैलवानानं, मग एका होतकरू नेत्यानं. नेत्याला हाच फोटो वाढदिवसाच्या फ्लेक्सवर हवा होता. शेवटी एका शेळीनं त्यात मुंडकं घातलं ते निघेना, आणि ती हृदय गळ्यात घेऊन बाजारभर हिंडली. तिचा फोटो दुपारपर्यंत तालुक्यातल्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला.

"झाली का जागृती?" डॉक्टरीणबाईंनी फोनवर विचारलं.

"शेळीची झाली," मी म्हणाले.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मी नवऱ्याला त्या आठवड्यात बऱ्याचदा ऐकवलं. तो रुसून पायरीवर जाऊन बसला. आमच्या पायरीलगत मावशीची टोपली असते. मावशी म्हणजे आमच्यापासून तिसऱ्या घरातली म्हातारी. हिवाळ्यात बोरं, उन्हाळ्यात कैऱ्या, जूनमध्ये जांभळं, असं तिचं वर्षभर चालू असतं. त्या दिवशी टोपलीभोवती पोरांचा घोळका होता, आणि जांभळं खाऊन सगळ्यांचे ओठ जांभळे झाले होते. नवरा त्यांच्याकडे बघत बसला आणि एकदम उठून आत आला.

"अगं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या? ओठ आणि नखं निळी-जांभळी दिसणं हीसुद्धा खूण असते. बरोबर?"

"बरोबर. मग?"

"मग पोरांना जांभळं खायला घालू. एक फोटो जांभळ्या ओठांचा, एक चूळ भरून तोंड धुतल्यावरचा. खाली लिहायचं, जांभळाचा रंग धुतला की जातो, न गेला तर डॉक्टरांना दाखवा."

कल्पना चांगली होती. मला फार राग आला. नवऱ्याला चांगली कल्पना सुचली की पुढचं वर्षभर ती ऐकावी लागते. डॉक्टरीणबाईंना मात्र ती फारच आवडली. सगळ्याच मुलांचे ओठ असे दिसत नाहीत, पण लोकांनी निदान बघायला तरी शिकावं, असं त्या म्हणाल्या. जीभ संध्याकाळपर्यंत जांभळीच राहते, म्हणून फक्त ओठ बघायचे, असंही त्यांनी ठरवून दिलं. रविवारी त्या स्वतः येणार होत्या.

रविवारी सकाळी गल्लीतली वीसेक पोरं जमली. मावशीची अख्खी टोपली आम्ही उचलली, त्यामुळे ती खुशीत होती आणि हातातली छडी फिरवत पोरांना रांगेत बसवत होती. पोरांनी जांभळं खाल्ली, खिशात घातली, एकमेकांना मिशा काढल्या. मग बिया लांब थुंकायची पैज लागली. एक बी थेट लेन्सवर बसली. नवरा ओरडला तेव्हा त्याचं तोंड उघडं सापडलं, आणि दुसरी तिथं गेली. मी पायरीवर बसून पोट धरून हसले.

मग नळावर चुळा. पोरांनी चुळाही एकमेकांवर भरल्या. तोंडं धुऊन, फडक्यानं पुसून एकेकजण कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं. सगळ्यांच्या ओठांचा रंग निघाला. मावशीच्या नातीचा निघेना.

चार वर्षांची किडमिडीत पोर. नवऱ्यानं तिला परत नळावर पाठवलं. "नीट चूळ भर गं." तिनं भरली. परत भरली. तिसऱ्यांदा नळापर्यंत गेली आणि तिथंच उकिडवी बसली. डॉक्टरीणबाई उठून तिच्याजवळ गेल्या आणि तिचा हात हातात घेऊन बोटं बघू लागल्या.

"हिनं जांभळं नखांनी खाल्ली का?" त्या हळूच म्हणाल्या.

नखंही जांभळी होती. पोरीची आई मागं उभी होती. डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, "खेळता खेळता ही अशी मध्येच बसते का?"

"बसती की," ती म्हणाली. "लई दम लागतो तिला. चार पावलं पळाली का बसती."

डॉक्टरीणबाईंनी पर्समधून नळी काढून पोरीच्या छातीला लावली. बराच वेळ ऐकलं. पोरं अजून दंगा करत होती, त्यांना मी गप्प केलं. माझं हसू कुठल्या कुठं गेलं होतं.

"हिला उद्याच नगरला न्या," त्या म्हणाल्या. "हृदयाची सोनोग्राफी करावी लागेल. उशीर करू नका. आधीच झालाय."

पोरीच्या आईनं सासूकडे बघितलं. तिचा नवरा प्रवासी जीप चालवतो, पण घरात निर्णय मावशीचा असतो. आणि मावशी छडी टेकत पुढं आली होती.

"काय न्हाई झालं माझ्या नातीला. माझ्या जांभळाचा रंग पक्का हाय, डाक्टरीनबाई! गावठी झाडाची जांभळं हायेत ही. अन् ही पोरगी चालायला लागल्यापासून माझ्या टोपलीत हात घालून बसल्याली हाय. रंग मुरलाय तिच्यात."

"आजी, रंग असा मुरत नसतो."

"तुमी शिकल्याल्या बायका, तुमाला जांभळातलं काय कळतंय? थांबा, दावते."

ती तरातरा घरी गेली आणि सोनेरी फ्रेम घेऊन आली. नातीच्या दुसऱ्या वाढदिवसाचा मोठा फोटो. गोरीपान पोर, आणि ओठ गुलाबाच्या पाकळीचे.

"ह्ये बघा. हितं कुठं हायेत जांभळे? पोरीला रोग असता तर फोटूत दिसला नसता व्हय? ह्या फोटूवालीच्याच हातचा हाय. इचारा तिला."

सगळे माझ्याकडे बघू लागले. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात, ते मला त्या दिवशी पुरतं कळलं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. त्या पोरीच्या बारशापासूनचे सगळे फोटो माझ्या हाताखालून गेले होते. तिचे जांभळे ओठ मी दर वेळी बघितले होते आणि दर वेळी पुसले होते. डॉक्टरीणबाईंच्या आधी मला दिसलं होतं. मी त्याला 'रंग बिघडलाय' म्हणत होते.

"मावशी," मी म्हणाले, "हे ओठ मी रंगवलेत."

"खोटं बोलू नको. ह्यो फोटू नेताना मी इचारलं हुतं तुला. काय म्हन्लीस? मूळचा चेहराच छान हाय म्हन्लीस."

म्हणालेच होते. नवरा आत गेला. तो कुठलाही फोटो पुसत नाही. लग्नांचे, मुंजींचे, हललेले, डोळे मिटलेले, सगळे मूळ फोटो तो साठवून ठेवतो, आणि यावरून मी त्याच्याशी कायम भांडत आले आहे. त्यानं जुनी हार्ड डिस्क शोधून जोडली आणि मावशीला कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवर बसवलं.

पहिला लागला तो फ्रेममधलाच फोटो, माझा हात लागण्याआधीचा. मावशीनं फ्रेम मांडीवर धरली होती. ती एकदा खाली बघायची, एकदा पडद्यावर.

"तवा बी जांभळं खाल्ली आसंल," ती म्हणाली. "जूनमधलीच हाय ती."

पुढचे फोटो आले. जावळाच्या गर्दीत आईच्या खांद्यावर, कुणाच्या तरी लग्नात मांडवाच्या खांबाशी उकिडवी बसलेली. तो खांबाजवळचा कोपरा मी अल्बममध्ये कापून टाकला होता. मावशी दर फोटोला मान हलवत होती. "खाल्ली आसंल." पण तिचा आवाज बारीक होत चालला होता, आणि सुनेनं तोंडाला पदर लावला होता.

मग बोरन्हाण आलं. संक्रांतीचं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं आणि चुरमुरे पडताहेत आणि पोर टाळ्या वाजवून हसते आहे. बोरं मावशीच्याच टोपलीतली. ओठ जांभळे.

मावशीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. तिनं सारा जन्म फळं विकण्यात घालवला आहे. कुठलं फळ कधी येतं ते तिला कुणी सांगायला नको होतं.

"संक्रातीला जांभळं कुठनं आली?" ती म्हणाली.

तिनं फ्रेम उलटी करून टेबलावर ठेवली आणि सुनेकडे वळली.

"पोराला फोन लाव. म्हनावं उद्या जीपमधी शिटा घिऊ नको. जीप नगरला न्यायची हाय."

पोरीला खरंच मोठा दोष निघाला. मोठ्या शहरात ऑपरेशन झालं. तेवढे दिवस आमच्या पायरीची जागा रिकामी होती, आणि मी येताजाता त्या जागेकडे बघायचं टाळत होते. नवऱ्याशी भांडायचंही मला सुचत नव्हतं. त्यानं काळजीनं विचारलं, तब्येत बरी आहे ना. मी रडले आणि मग रडल्याबद्दल त्याच्यावरच चिडले. पोर जगली, बरी झाली. आता ती शाळेतल्या पोरांना मारते अशा तक्रारी मावशीकडे येतात, आणि मावशी त्या दोन-दोनदा सांगायला लावते.

वीस पोरांच्या फोटोंचं पोस्टर झालं, दवाखान्यात आणि शाळांत लागलं. पण मावशीनं एक वेगळं मागितलं. बोरन्हाणाचे दोन्ही फोटो शेजारी शेजारी, एक मी रंगवलेला, एक खरा, आणि खाली तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत. ते फ्लेक्स आमच्या दारात लावलंय, त्याखाली ती टोपली घेऊन बसते. लहान मूल कडेवर असलेली बाई दिसली की उठते आणि न विचारता, पदराचं टोक पाण्यात बुडवून, पोराचे ओठ पुसते. बाया शिव्या देतात. पोरं भोकाड पसरतात. गिऱ्हाईकं पळतात, तिचीही आणि आमचीही. नवरा म्हणतो, आता हिलाच आवरायला पोस्टर लावावं लागेल.

गेल्या बाजाराच्या दिवशी एक बाई फार भडकली. तिनं मावशीच्या टोपलीतूनच जांभळं घेतली होती, पोरगं कडेवर बसून खात होतं.

"म्हातारे, येड लागलं का तुला? आत्ताच जांभळं खाल्ल्यात त्यानं!"

मावशीनं पदर बघितला. दुसरं टोक बुडवून परत पुसलं, परत बघितलं. पहिल्या टोकाला रंग लागला होता. दुसऱ्याला काहीच लागलं नव्हतं, आणि पोराचे ओठ तसेच जांभळे होते. मग तिनं त्याची बोटं बघितली.

भर बाजारात टोपली उघडी टाकून तिनं त्या बाईचं मनगट धरलं आणि दवाखान्याच्या दिशेनं चालू लागली. बाई हात सोडवत होती, ओरडत होती, की माझ्या पोराला काही झालेलं नाही, हा जांभळाचाच रंग आहे.

"मला बी आसंच वाटलं हुतं, पोरी," मावशी म्हणत होती. "चल."