पिलांवरची मरळ

बोलता बोलता उजव्या हाताची बोटं नाकाशी न्यायची आणि डोळे किंचित मिटून वास घ्यायचा, ही बाबूजींची सवय. सोमवारी तर हमखास. रविवार तलावावर गेलेला असे आणि साबणाने धुऊनही मासळीचा वास बोटांत उरलेला असे. एकदा मुख्याध्यापकांसमोर त्यांनी असा वास घेतला आणि त्याच बोटाला थुंकी लावून माझ्या सर्व्हिस बुकाचं पान उलटलं. ते बुक मी दोन दिवस हातात घेतलं नाही.

समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत ते कारकून होते, मी विज्ञान शिकवायची. सगळं गाव त्यांना बाबूजी म्हणे. आमची भाड्याची घरंही शेजारी होती, मध्ये कमरेएवढी भिंत. असा माणूस तुमच्याही कचेरीत असेल बघा. कामात चोख, बोलायला गोड, आणि एकाच गोष्टीची घमेंड अंगभर भरलेली.

बाबूजींची घमेंड मरळीची. मरळ म्हणजे गोड्या पाण्यातला काळपट, सापासारख्या तोंडाचा मासा. एरवी गळाला सहजी लागत नाही. पण पिलं झाली की नर-मादी त्यांच्याखाली पहारा करत फिरतात. पिलांचा लालसर घोळका पाण्यावर दिसतो आणि त्यात काहीही पडलं की मोठी मरळ भूक नसतानाही त्यावर तुटून पडते. बाबूजी बरोबर तिथेच गळ टाकत.

"माय हाय ना ते, मॅडम. येतेच," ते सांगत आणि हसत.

हे वाक्य मी स्टाफरूममध्ये ऐकलं, एसटीची वाट बघताना ऐकलं, पालकसभेच्या खुर्च्या मांडतानाही ऐकलं. मोबाइलमध्ये फोटोच फोटो. मासा हात लांब करून कॅमेऱ्याजवळ धरलेला, म्हणजे तो वासराएवढा दिसावा.

मला शिसारी यायची. पण त्यांच्या बायकोने भिंतीवरून दिलेला रश्श्याचा डबा मी कधी परत केला नाही, हेही इथेच सांगून टाकते.

एका रविवारी मी त्यांच्याबरोबर तलावावर गेले. वर्गात दाखवायला पिलांचा व्हिडिओ हवा होता. बाबूजींनी डब्यातून एक जिवंत बेडकी काढली आणि तिच्या मांडीतून गळ आरपार घातला. बेडकी पाय मारत राहिली. पलीकडे पाण्यावर शेंदूर कालवल्यासारखा एक डाग उकळत होता. तीच पिलं. बेडकी त्यात पडली न पडली तोच पाणी फुटलं.

मरळ हातभर होती. गवतावर टाकली तरी ती मेली नाही. मरळ हवेतही बराच वेळ जगते. ती पोटावर सरपटत पाण्याकडे निघाली. बाबूजींनी तिच्यावर चपलेचा पाय ठेवला आणि त्याच पायावर उभं राहून दुसरी बेडकी लावली.

"आता बाप," ते म्हणाले.

बापही आला.

मग लाल घोळका एकाच जागी गोल गोल फिरू लागला. थोड्याच वेळात खालून दुसरे मासे आले. पाण्यावर टपटप आवाज होऊ लागला आणि डाग कडेने झिजत चालला.

"यांचं काय आता?" मी विचारलं.

"काय म्हंजे?"

"तुम्हाला काहीच वाटत नाही, बाबूजी? लेकरांना पुढे करून आईबापाला मारता, वर फोटो काढता. मला तर ओकारी येते तुमची."

ते हसायला गेले, पण हसू अर्ध्यात राहिलं. परत येताना सायकलला लटकवलेल्या ओल्या पोत्यात दोन्ही मासे मधूनमधून हलत होते. रात्री डबा आला. मी दोन भाकरी खाल्ल्या.

सोमवारी ते शाळेत आले नाहीत. संध्याकाळी भिंतीपलीकडे पाहिलं तर अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यापाशी उकिडवे बसलेले. बायकोचं जुनं लुगडं तलावात धरून त्यांनी उरलेली पिलं गाळून आणली होती.

"दोनेकशे असतीन, मॅडम. आता एकही मरू देनार नाई मी."

उकडलेल्या अंड्याचा बलक ते बोटांनी चुरून टाकत. तळहाताने पाण्यावर थापटत, पिलं धावत येत. आठवडाभरातच त्यांची मान पुन्हा ताठ झाली. "तलावात एवढी जगली नसती," असं ते मला दोनदा ऐकवून गेले. मोबाइलमध्ये आता टाक्याचे फोटो होते.

पण पिलं कमी होऊ लागली. मेलेलं एकही वर येत नव्हतं. त्यांनी मांजरावर संशय घेतला, टाक्यावर जाळी बांधली. तरी रोज कमी. जी उरत, ती मात्र गलेलठ्ठ.

एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. टाक्यात एक पिलू विचित्र पोहत होतं. त्याच्या तोंडातून जवळजवळ त्याच्याच मापाच्या दुसऱ्या पिलाची शेपटी बाहेर आली होती, आणि ती अजून हलत होती.

बाबूजी भिंतीशी जाऊन ओकले. तोंड पुसून परत आले.

"मॅडम, हे काऊन करून राह्यले? मायजवळ होते तवा तं नाई खात होते."

मरळीची पिलं दाटीत ठेवली, लहानमोठी झाली, की एकमेकांना खातात. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी सांगितलं असतं तर त्यांनी ती वेगवेगळी ठेवली असती. पण मला त्यांची खोड मोडायची होती.

"तुम्हीच आणलंत त्यांना इथे," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली, जसं काही हेच उत्तर त्यांना हवं होतं. उरलेली वेगळी करा, हे मी तेव्हाही सांगितलं नाही. त्यांची बायको भिंतीपाशी येऊन म्हणाली, "मॅडम, यायले काई तरी सांगा ना. जेवत नाई आहेत." मी बरं म्हटलं आणि वह्या तपासत बसले.

हिवाळ्यात टाक्यात एकच उरली. मनगटाएवढी. बाबूजींनी पाण्यावर थापटलं की ती हातातून खाई.

निवृत्तीनंतर ते वर्ध्याला राहायला गेले. मासेमारी सोडली, असं ऐकलं. मी त्यांना भेटायला कधी गेले नाही. सामान हलवायच्या आदल्या दिवशी मात्र त्यांनी मला तलावावर बोलावलं होतं. बादलीत ती मरळ होती. त्यांनी बादली पाण्यात कलती केली. मरळ बाहेर पडली आणि काठाशीच थांबली, त्यांच्या पायांजवळ.

"जाय ना," ते म्हणाले. "जाय. इथं राह्यली तं कोनीही धरीन तुले."

ती हलेना. त्यांनी वाकून मातीचं ढेकूळ उचललं आणि तिच्या अंगावर फेकलं. मग दुसरं. शेवटी वयस्कर माणसाला झेपणार नाही इतक्या जोराने ते ढेकळं मारत सुटले, आणि रडत होते. पाण्यावर ढेकूळ पडलं की थाप पडल्यासारखा आवाज होई, आणि प्रत्येक वेळी मरळ तिकडेच धावत येई, तोंड उघडून.